चार दिवसांचा बीम आणि त्यानंतरची रांग

मंडळी, आज बोलायचे आहे ते न्यूट्रॉन स्कॅटरिंगच्या प्रयोगांना, म्हणजे नमुन्यावर न्यूट्रॉन सोडून ते कसे विखुरतात हे मोजण्याला, लागणाऱ्या संगणकांविषयी. ब्रॅगचा नियम, म्हणजे स्फटिकातल्या थरांचे अंतर आणि विखुरण्याचा कोन यांचे नाते, इथे बहुतेकांना पाठ आहे. न्यूट्रॉन केंद्रकाशी आणि चुंबकीय आघूर्णाशी बोलतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा थेट मुद्द्याला हात घालतो. एखाद्या गटाला बीम टाइम, म्हणजे न्यूट्रॉनचा झोत वापरायचा वेळ, मंजूर झाल्याचे पत्र जाते, त्याच पत्रात त्या प्रयोगासाठी लागणारी मेमरी, साठवणीची जागा आणि गणनाचे तासही मंजूर झाले पाहिजेत. विश्लेषणाला संगणक कुठून आणायचा, हे नमुना घेऊन आलेल्या विद्यार्थ्यावर सोडणे मला मान्य नाही. बीम चार दिवसांत संपतो. पुढचे काम महिनोन्महिने चालते. शेवटी विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणाविषयीही सांगेन, हे वचन.

सुरुवात घरापासून करू. ट्रॉम्बेची ध्रुव अणुभट्टी १९८५ साली क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यातली साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. तिची क्षमता १०० मेगावॉट. विद्यापीठांतले संशोधक विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या यूजीसी-डीएई संस्थेच्या मुंबई केंद्रामार्फत तिथे प्रयोग करतात. ध्रुवमधून न्यूट्रॉन अखंड येतात, त्यामुळे मोनोक्रोमेटर हा स्फटिक एक तरंगलांबी निवडतो आणि पावडर केलेल्या नमुन्याचा, कोनागणिक तीव्रता दाखवणारा आलेख मिळतो तो जेमतेम काही हजार बिंदूंचा. ही फाइल कुठल्याही लॅपटॉपवर उघडते. ह्यूगो रीटवेल्ड यांनी नेदरलँड्समधल्या पेटन इथे १९६० च्या दशकात याच प्रकारच्या आलेखासाठी पद्धत बसवली. एकमेकांवर चढलेली शिखरे वेगळी काढण्याचा खटाटोप सोडून त्यांनी आलेखाचा प्रत्येक बिंदू स्फटिकरचनेच्या गणिती प्रतिकृतीशी जुळवला. संगणक नसता तर ही कल्पना कागदावरच राहिली असती. म्हणून विश्लेषण ही प्रयोगानंतरची पुरवणी आहे असे कोणी म्हटले की मला ते पटत नाही.

मग सामाईक संगणक यंत्रणा लागते कुठे? पहिली जागा फोनॉनची, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या सामूहिक कंपनांची. स्कॅटरिंगमधून मिळालेली फोनॉन घनता समजून घ्यायची तर शे-दीडशे अणूंचा सुपरसेल, म्हणजे स्फटिकाच्या मूळ घटकाच्या अनेक प्रती जोडलेला तुकडा, घेऊन एकेक अणू किंचित हलवायचा आणि दर वेळी क्वांटम गणनेतून बले काढायची. समजा सममिती वापरून ४० विस्थापने उरली आणि प्रत्येकाला एका नोडवर, म्हणजे क्लस्टर या जोडलेल्या संगणकांच्या समूहातल्या एका संगणकावर, ३ तास लागले. एकामागून एक चालवली तर पाच दिवस. ही कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून दहा नोड मिळाले तर १२ तास. अशा वेळी ४० वेगळे जॉब हाताने टाकू नका, एकच अ‍ॅरे जॉब टाका, म्हणजे एकाच स्क्रिप्टमधून सगळी कामे सुटतात. त्याआधी एकच विस्थापन चालवून पाहा. चिन्हाची किंवा स्यूडोपोटेन्शियलची, म्हणजे गणनेत अणूच्या गाभ्याऐवजी वापरलेल्या सोप्या रूपाची, चूक ३ तासांत कळते. ४० कामांनंतर कळली तर १२० तास पाण्यात गेले.

दुसरी जागा स्पॅलेशन स्रोतांची, जिथे जड धातूवर प्रोटॉन आदळून न्यूट्रॉन स्पंदांत काढतात. अमेरिकेतल्या ओक रिजला सेकंदाला ६० स्पंद येतात आणि प्रत्येक न्यूट्रॉन कुठल्या पिक्सेलवर, किती उड्डाणकाळाने पोहोचला याची स्वतंत्र नोंद होते. याचा फायदा मोठा आहे. नमुना तापवता तापवता मोजले, तर तापमानाचे टप्पे किती अंशांचे पाडायचे हे नंतर ठरवता येते. किंमत मेमरीत मोजावी लागते. मँटिड या डेटा-विश्लेषणाच्या प्रणालीत एका नोंदीला १६ बाइट लागतात, ८ उड्डाणकाळाला आणि ८ स्पंदाच्या वेळेला. प्रत्येक नोंदीला भार (वजन) आणि त्रुटी जोडल्या की २४. शंभर कोटी नोंदी म्हणजे आधी १६ जीबी, मग २४. प्रक्रियेच्या निकालाला नवे नाव दिले तर जुनी प्रतही जागेवर राहते आणि ४० जीबी अडकतात. म्हणून तेच नाव पुन्हा वापरा, नाहीतर जुनी प्रत लगेच पुसा.

एकस्फटिकावरच्या अप्रत्यास्थ प्रयोगात, म्हणजे न्यूट्रॉनची ऊर्जा किती बदलली हेही मोजतात तिथे, आकडे याहून फुगतात. डिटेक्टरचे ७०,००० घटक, ऊर्जेचे २०० कप्पे, स्फटिक फिरवण्याचे २०० कोन धरा. हे झाले २८० कोटी बिंदू. अशा डेटासाठीच्या होरेस या प्रोग्रामच्या फाइलमध्ये एका बिंदूला ३६ बाइट लागतात, म्हणजे १०० जीबी. २० मेगाबिटच्या जोडणीवरून ही फाइल घरी आणायला ११ तासांहून जास्त लागतील, तेही जोडणी एकदाही तुटली नाही तर. त्यामुळे डेटा हलवायचा नाही, माणसाने त्याच्याकडे जायचे. फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या लाउए-लँजव्हँ या न्यूट्रॉन संस्थेची व्हिसा ही सेवा आणि ब्रिटनच्या आयसिस या न्यूट्रॉन स्रोताची विश्लेषण-सेवा याच तत्त्वावर उभी आहे. ब्राउझर उघडला की डेटाशेजारी बसलेले यंत्र समोर येते.

आता क्लस्टरवर जॉब जिथे थांबतात त्या रांगेविषयी. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण यंत्रणा कमी पडते त्याहून अधिक वेळा ती चुकीची मागितली जाते.

मंगल कार्यालयाची नोंदवही डोळ्यासमोर आणा. संध्याकाळी सहाला मोठे लग्न आहे, दुपारी दोनपासून दालन मोकळे आहे. दोन तासांचा साखरपुडा त्यात सहज बसतो, पण चारला जागा सोडू असे लेखी दिले तरच. स्लर्म हा रांग लावणारा प्रोग्राम अगदी असेच करतो. मोठ्या जॉबसाठी नोड जमेपर्यंत मधल्या फटींत छोटे जॉब बसवतो, आणि त्यासाठी तुम्ही लिहिलेल्या वेळेवर विश्वास ठेवतो. तीन तासांच्या कामाला कमाल मर्यादा म्हणून ४८ तास लिहिले, की ते काम कुठल्याच फटीत बसत नाही. मग विद्यार्थी म्हणतो, क्लस्टर भरलेला आहे. क्लस्टरमध्ये जागा असते, त्याच्या जॉबने ती नाकारलेली असते.

मेमरीचेही तेच. ६४ कोअर (प्रोसेसरचे गणन-घटक) आणि २५६ जीबीच्या नोडवर कुणी ४ कोअर आणि २५० जीबी मागितले, तर उरलेले ६० कोअर दुसऱ्या कुणाला जवळजवळ निरुपयोगी होतात. हा आकडा बहुधा सीनियरच्या जुन्या स्क्रिप्टमधून तसाच उतरलेला असतो. उपाय साधा आहे. एक जॉब पुरा होऊ द्या, स्लर्मच्या एस-अ‍ॅक्ट (sacct) या आज्ञेने प्रत्यक्ष लागलेला वेळ आणि मेमरीची कमाल पाहा, त्यावर तीसेक टक्के वाढवून मागा.

तिसरी चूक थ्रेडची, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या समांतर धाग्यांची. जॉबने ४ कोअर मागितले, पण आतली गणिती लायब्ररी नोडवरचे ६४ मोजते आणि ६४ थ्रेड सुरू करते. ते सगळे चार कोअरवर ढकलाढकली करतात आणि काम चार थ्रेडपेक्षाही हळू चालते. थ्रेडची संख्या स्क्रिप्टमध्ये स्वतः लिहा. आणि लॉगिन नोड, म्हणजे क्लस्टरमध्ये शिरताना पहिल्यांदा लागणारा संगणक, हा वाड्याचा दिंडी दरवाजा आहे, सगळ्यांना तिथूनच आत जायचे असते. त्यात बैलगाडी उभी करू नका. प्रतिकृती आलेखाशी जुळवण्याचे काम, म्हणजे रिफाइनमेंटसुद्धा तिथे नको.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, सात मिनिटे उरली आहेत. प्रशिक्षणाचे वचन दिले होते, ते आता भरभर सांगतो.

कार्यशाळेत ३० विद्यार्थी एकाच वेळी मघाची १६ जीबीची फाइल उघडतील तर ४८० जीबी लागतील आणि पहिल्या तासातच सर्व्हर जॉब मारू लागेल. म्हणून नोंदींचा कच्चा डेटा शिक्षकाने पडद्यावर एकदा दाखवावा, मुलांना एकत्रित केलेले आलेख द्यावेत. पायथन आणि त्याच्या लायब्ररी प्रत्येकाच्या होममध्ये, म्हणजे क्लस्टरवरच्या खासगी फोल्डरमध्ये, बसवू नका. त्यात हजारो बारीक फाइली असतात आणि सामाईक डिस्क त्यांनीच गुदमरते. सगळे एकत्र बांधलेली एकच कंटेनर फाइल करा. त्या दिवसाचे नोड रांगेत आधीच राखून ठेवा.

खरा बीम मिळण्याआधी मॅकस्टास या न्यूट्रॉन किरणांचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रामवर आभासी प्रयोग करून घ्या. स्रोत, कोलिमेटर, मोनोक्रोमेटर, नमुना, डिटेक्टर हे सगळे एका मजकुराच्या फाइलमध्ये ओळीने लिहायचे. किरणांचा पसारा आवरणारा कोलिमेटर ६० कलांवरून ३० कलांवर (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणला की शिखरे बारीक होतात आणि तीव्रता पडते, हे मुलांनी स्वतः पाहावे. निकालातली सांख्यिकी त्रुटी निम्मी करायला किरण चौपट लागतात. क्लस्टर का लागतो, ते इथे हातांना कळते.

शेवटचा सराव माझ्या सर्वांत आवडीचा. सिलिकॉनच्या आभासी आलेखात मुद्दाम ०.१ अंशाची शून्यचूक घाला, म्हणजे सगळे कोन तेवढे सरकवा, आणि सांगू नका. ४० अंशांजवळच्या एकाच शिखरावरून जाळीचे माप, म्हणजे स्फटिकाच्या मूळ घटकाची लांबी, काढले तर ०.२४ टक्के चुकते, म्हणजे ५.४३१ अँगस्ट्रॉममध्ये सुमारे ०.०१३. मोठ्या कोनांवर हीच चूक कमी होत जाते. प्रत्येक शिखरातून वेगळे माप येते आहे हे ज्या गटाला दिसेल, त्याला पुढचा आलेख द्या, त्यात नमुना दोन मिलिमीटर बाजूला सरकवलेला असेल.