नवापूर : एक फलाट, दोन राज्ये

(दृश्य : फलाटावर येऊन थांबणारी गाडी, नंतर रंगवलेला बाक)

सुरतेहून जळगावकडे निघालेली गाडी नवापूरला थांबते, तेव्हा तिचे काही डबे गुजरातेत उभे असतात आणि काही महाराष्ट्रात. उतरणाऱ्या प्रवाशाला याचा पत्ता लागत नाही, कारण फलाट सलग आहे, फरशी तीच आहे आणि रुळांवर कोणीही रेघ ओढलेली नाही. सीमा डोळ्यांना दिसते ती या बाकावर. त्याच्या अर्ध्या भागावर महाराष्ट्राचे नाव रंगवले आहे आणि उरलेल्या अर्ध्या भागावर गुजरातचे. प्रवासी येतात, आळीपाळीने दोन्हीकडे बसतात, छायाचित्र काढून घेतात आणि गाडीची शिटी ऐकून उठतात.

स्थानकाची लांबी सुमारे 800 मीटर असून त्यांपैकी 300 मीटर महाराष्ट्रात आणि 500 मीटर गुजरातेत येतात. तिकीट खिडकी नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यात आहे. स्टेशनमास्तरांची कचेरी, प्रतीक्षालय आणि स्वच्छतागृह ही तापी जिल्ह्याच्या उच्छल तालुक्यात आहेत. रांगेत उभा असलेला हा तरुण महाराष्ट्रात तिकीट काढील, ते खिशात घालून प्रतीक्षालयाकडे वळेल आणि काही पावलांत राज्य ओलांडून गुजरातेत जाऊन बसेल. रेल्वे केंद्र सरकारची असल्यामुळे या दैनंदिन व्यवहारात कोणाचीच अडवणूक होत नाही, आणि म्हणूनच नवापूरची ओळख एक गंमतीचे ठिकाण अशी होऊन बसली आहे. परंतु या बाकावर ज्यांची छायाचित्रे काढली जातात त्यांच्यापेक्षा, त्याच्या मागे गाठोडी टेकवून खाली फरशीवर बसलेल्या माणसांसाठी ही सीमा अधिक खरी आहे.

(दृश्य : रुळांच्या कडेने जुन्या बांधणीच्या मोऱ्या आणि पूल, सागाची झाडे)

येथे आधी रेल्वे आली आणि सीमा त्यानंतर साठ वर्षांनी आली. खानदेशचा कापूस आणि डोंगराळ भागातील इमारती लाकूड सुरतेच्या बाजारापर्यंत न्यावे, या हेतूने ताप्ती व्हॅली रेल्वे उभारण्यात आली. किलिक निक्सन या मुंबईच्या व्यापारी पेढीकडे तिचा कारभार होता. उधन्यापासून अमळनेरपर्यंतचा हा रुंदमापी मार्ग 1900 साली पूर्ण झाला आणि पुढे जळगावच्या जंक्शनला जोडला गेला. वाटेतील व्यारा आणि सोनगड ही गावे बडोद्याच्या गायकवाडांच्या मुलखात होती. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या आरंभी घेतलेला आणि बडोदे घराण्याचे पहिले ठाणे ठरलेला सोनगडचा किल्ला आजही या वाटेवर उभा आहे. गायकवाडी हद्द मागे पडली की खानदेश जिल्हा सुरू होत असे. 1906 साली या अवाढव्य जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तेव्हा नवापूर पश्चिम खानदेशात राहिले. या साऱ्या काळात नवापूरचे स्थानक, त्याचा फलाट आणि भोवतालची गावे एकाच जिल्ह्यात होती, एकाच मामलेदाराच्या दप्तरात होती. दगडी पायावर उभ्या असलेल्या या मोऱ्या पाहिल्या म्हणजे लक्षात येते, की मार्ग आखणाऱ्यांनी केवळ चढ-उतार आणि नद्यांची पात्रे विचारात घेतली होती. राज्याची सीमा येथून जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते.

स्वातंत्र्यानंतर 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठी आणि गुजराती भाषकांचे मिळून द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले, आणि ते चार वर्षेही टिकले नाही. संसदेने 1960 साली मुंबई पुनर्रचना कायदा मंजूर केला आणि 1 मे रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली. या कायद्याच्या तिसऱ्या कलमात गुजरातेत जाणाऱ्या जिल्ह्यांची नावे आहेत. त्यांच्याच जोडीला ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातील आणि पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत घातली गेली, आणि त्या गावांची यादी पहिल्या अनुसूचीत देण्यात आली. डांग जिल्हा आणि पश्चिम खानदेशातील ही गावे महाराष्ट्राबाहेर जाण्यास संयुक्त महाराष्ट्र समितीने विरोध केला होता, तो निष्फळ ठरला. वाटणी गावागणिक झाल्यामुळे राज्याची सीमा गावांच्या शिवेवरून गेली. जी शीव तोवर केवळ बांधांवरून, नाल्यांवरून आणि महुव्याच्या झाडांवरून ओळखली जात होती, तीच एका रात्रीत दोन राज्यांची सरहद्द झाली. रेल्वेने साठ वर्षांपूर्वी घेतलेली जमीन अशा शिवेच्या दोन्ही अंगांना पसरलेली होती, म्हणून स्थानक दुभागले गेले. गुजरातेत गेलेल्या गावांतून पुढे उच्छल आणि निझर हे तालुके आकाराला आले. हे तालुके आधी सुरत जिल्ह्यात होते आणि 2007 पासून तापी जिल्ह्यात आहेत. इकडे नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून, म्हणजे पूर्वीच्या पश्चिम खानदेशापासून, वेगळा झाला. जिल्ह्यांची नावे अशी बदलत राहिली, शीव मात्र 1960 साली जेथे ठरली तेथेच आहे.

(दृश्य : नवापूरचा बाजार, धान्याची पोती, भाजीच्या पाट्या, बांबूच्या टोपल्या)

बाजारात या शिवेचा मागमूस लागत नाही. भडभुंजे आणि उच्छलकडून आलेल्या बाया आणि चिंचपाडा, खांडबारा या बाजूने आलेल्या बाया एकाच रांगेत पाट्या मांडून बसतात. भाव मराठीत सांगितला जातो, गुजरातीत ठरवला जातो आणि पैसे मोजताना दोघी आपल्या घरच्या बोलीत बोलतात. या पोत्यांतील तूरडाळ पाहा. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि त्या मानांकनात नाव एका गावाचे असले तरी तसेच हलके, उताराचे रान आणि तसाच पाऊस शिवेच्या पलीकडच्या शेतांनाही लाभलेला आहे.

माणसांचेही तसेच आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गामित, गामता, गावित, मावची, पाडवी अशी एकत्र नोंद आहे आणि गुजरातच्या यादीतही हीच पाच नावे एकत्र आहेत. तिकडच्या कागदावर जो गामित असतो तो इकडच्या कागदावर गावित असतो, आणि लग्नाच्या मांडवात ते एकमेकांचे व्याही असतात. मुलगी उच्छलची आणि सासर नवापूरचे, ही येथे नित्याची गोष्ट आहे. महाशिवरात्रीला याहामोगी मातेच्या दर्शनासाठी नंदुरबार जिल्ह्यातील कुटुंबे देवमोगऱ्याला जातात. ते देवस्थान आज गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यात असले, तरी आपण परराज्यात जात आहोत असे त्या वाटेने चालणाऱ्या कोणालाही वाटत नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. सातपुड्यातील ही देवी दोन्ही राज्यांहून फार जुनी आहे.

(दृश्य : फलाटावर गाठोडी, भांडी आणि लहान मुलांसह बसलेली कुटुंबे)

फलाटावर ही कुटुंबे दिवाळीच्या सुमारास दिसू लागतात. दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांना ऊसतोडणीसाठी मजूर जातात ते डांगमधून, धुळ्यातून आणि नंदुरबारमधून. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाने पावसाळ्यात दिलेली उचल फेडण्यासाठी ती जोडी पुढचे काही महिने फडावर राहते. नवापूर तालुक्यातच डोकारे येथे आदिवासी सहकारी साखर कारखाना आहे, तरीही बारडोलीकडची वाट ओस पडलेली नाही. या बाईंच्या गाठोड्यात पीठ आहे, एक तवा आहे, दोन कोयते आहेत, आणि पाठीशी झोळीत मूल आहे. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून जे समजते ते निवेदनाने पुन्हा सांगण्याची गरज नाही.

राज्य वेगळे झाल्याचे परिणाम अनेक आहेत आणि ते थोडक्यात सांगतो. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेल्या व्यक्तीला तेथे अनुसूचित जमातीच्या सवलती मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे सासरी आलेल्या मुलीच्या जमातीच्या दाखल्याची जोडणी माहेरच्या तालुक्यापासून सुरू होते. गुजरातेत दारूबंदी असल्याने एका टोकाला जे चालते ते दुसऱ्या टोकाला गुन्हा ठरते. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे असले तरी लोहमार्ग पोलीस राज्याचे असल्याने घटना कोणत्या हद्दीत घडली हे आधी पाहावे लागते. 1972 साली पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या पाण्याने दोन्हीकडची गावे उठवली. 2006 साली देशातील पहिली बर्ड फ्लूची लागण नवापूरच्या कोंबड्यांत आढळली, तिने शीव जुमानली नाही आणि उच्छलकडील कोंबड्याही माराव्या लागल्या.

(दृश्य : ध्वनिक्षेपक, उद्घोषणा ऐकू येते)

आता ऐकू येत असलेली उद्घोषणा चार भाषांतून होते. हिंदी, इंग्रजी, मराठी आणि गुजराती या क्रमाक्रमाने येणाऱ्या भाषा नवापूरचे वैशिष्ट्य म्हणून नेहमी सांगितल्या जातात आणि दोन्ही राज्यांचा मान राखला जातो याचे कौतुकही होते. ते कौतुक योग्यच आहे. परंतु फरशीवर बसलेल्या त्या कुटुंबाची भाषा या चारांत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांना गाडी आली का, हे नातू मावची या घरच्या बोलीत समजावून सांगतो आहे. चार वेळा सांगून झालेली माहिती त्यांच्यापर्यंत पाचव्यांदा, नातवाच्या तोंडून पोहोचते.

ही भाषा बोलणारे थोडे आहेत, असे कोणी म्हणू नये. जनगणनेत मावची आणि गामटी-गावित या मातृभाषा भिली या मोठ्या गटात मोजल्या जातात, आणि 2011 च्या जनगणनेत त्या गटाचे भाषक एक कोटीहून अधिक होते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. अनुसूचीबाहेरच्या भाषांत भिलीचे भाषक सर्वांत अधिक आहेत. भाषावार प्रांतरचना झाली ती लोकांना त्यांच्या भाषेत राज्यकारभार मिळावा म्हणून. नवापूरच्या शिवेवर ती रचना करताना मराठी आणि गुजराती यांच्यात भूमी वाटली गेली आणि त्या भूमीवर तिसरीच भाषा बोलणारे लोक दोन्हीकडे विभागले गेले. आज इकडचे मूल मराठी शाळेत बाळबोध गिरवते, तिकडचा त्याचा मावसभाऊ गुजराती लिपी गिरवतो, आणि सुटीत भेटल्यावर दोघे जी बोली बोलतात ती दोघांच्याही पाठ्यपुस्तकात नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. उच्छल आणि नवापूर या दोन तालुक्यांनी मिळून एकच वाचनपुस्तक दोन लिप्यांत छापले, तर त्याची सुरुवात होऊ शकेल.

शाळांचा प्रश्न दोन सरकारांचा आहे आणि त्याला वेळ लागेल. स्थानकाचे तसे नाही. ते संपूर्णपणे पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागाच्या अखत्यारीत येते. उधना ते जळगाव मार्गाचे दुहेरीकरण आणि विद्युतीकरण 2019 साली राष्ट्रार्पण करताना याच रेल्वेने या मार्गावर मोठा खर्च केला आहे. ध्वनिक्षेपक बसवलेले आहेत, चार भाषांतील उद्घोषणा रोज वाजत आहेत आणि मावची बोलणारे शिक्षक, विद्यार्थी व गायक या दोन्ही तालुक्यांत आहेत. त्यांच्या आवाजात पाचवी उद्घोषणा ध्वनिमुद्रित करून या फलाटावर लावावी, अशी आमची रेल्वे प्रशासनाकडे मागणी आहे.