‘चांगला आहे, पण...’

नमस्कार, श्रोतेहो.

एखाद्या फॅन्टसी मालिकेचा दुसरा भाग नुकताच वाचून संपवलेल्या माणसाला विचारून बघा, कसा वाटला म्हणून. तो लगेच बोलत नाही. पहिला भाग संपला होता तेव्हा याच माणसानं तुम्हाला जिन्यात गाठून सगळी गोष्ट ऐकवली होती, नकाशासकट. आता मात्र जरा घुटमळतो आणि म्हणतो, “चांगला आहे, पण...”

आजचं बोलणं त्या ‘पण’विषयी.

‘पण’च्या पुढची वाक्यं बहुधा ठरलेली असतात. फार काळोखी आहे. मन जड झालं. पहिल्यातली मजा नाही. मुलांच्या हातात द्यावा का, कळेना. एखादाच असा भेटतो, जो म्हणतो, मला तर हाच जास्त आवडला. आणि हे सांगताना तोही आवाज खाली आणतो, कसली तरी कबुली दिल्यासारखा.

या मंडळींची तक्रार मला खोटी वाटत नाही. पण ती खरोखर काळोखाची आहे का, याबद्दल मला शंका आहे. कारण काळोख पहिल्या भागातही असतो. अमेरिकन लेखिका उर्सुला ल ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ घ्या, १९६८ सालचं. गेड नावाचा जादू शिकणारा एक तल्लख मुलगा निव्वळ घमेंडीपायी मृतांच्या जगातून एक सावली ओढून आणतो. ते भगदाड बुजवताना त्याच्या विद्यापीठाचा म्हातारा प्रमुख प्राण गमावतो आणि गेडच्या चेहऱ्यावर जन्माचे व्रण राहतात. म्हणजे पहिला भाग काही हसतखेळत जात नाही. तरी तो वाचून मन जड झालं म्हणणारं मला क्वचितच कुणी भेटलंय.

मग १९७१ मध्ये दुसरा भाग आला, ‘द टूम्ब्स ऑफ अटुआन’. पहिल्यात समुद्र होता, होडी होती, बेटामागून बेटं होती. इथे एक रखरखीत माळ, त्यावर थडगी आणि थडग्यांखाली भुयारं. तेनार नावाच्या मुलीला कोवळ्या वयात आईबापांपासून तोडून इथली पुजारीण केलंय. तिचं नावसुद्धा काढून घेतलंय. आता तिला म्हणतात आर्हा, म्हणजे जिला गिळून टाकलंय ती. आणि आपला गेड? तो जवळजवळ अर्धं पुस्तक उलटेपर्यंत येतच नाही. येतो तोही तिच्या नजरेतून, एक भुरटा चोर म्हणून.

माझ्या मते वाचक दुखावतो तो इथे. पहिल्या भागात ज्याचं बोट धरून आपण त्या जगात शिरलो, त्यानं दुसऱ्या भागात बोट सोडलेलं असतं. गर्दीत सुटलेल्या मुलाला भर दुपारीही अंधारून येतं. ‘काळोखी आहे’ म्हणणाऱ्याला जरा खोदून विचारलं, की हळूच बाहेर येतं: “तो कुठे गेला हो? मी त्याच्यासाठी घेतलं होतं पुस्तक.”

दुसरी एक तक्रार असते, शेवटाची. दुसरा भाग मधेच तोडल्यासारखा संपतो. यात लेखकाचा दोष किती आणि छापखान्याचा किती, हेही कधीतरी बघायला हवं. टोल्किननी आपली अंगठीची गोष्ट, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’, एकच सलग कादंबरी म्हणून लिहिली होती. युद्धानंतरचे दिवस, कागद महाग, म्हणून प्रकाशकांनी तिचे तीन खंड केले. दुसरा खंड, ‘द टू टॉवर्स’, नोव्हेंबर १९५४ मध्ये आला आणि संपला तो नायक फ्रोडो शत्रूच्या हाती सापडलेला असताना. तिसरा आला ऑक्टोबर १९५५ मध्ये. म्हणजे पहिल्या वाचकांनी त्याला अकरा महिने कैदेत ठेवलं! आज आपण हात लांबवून तिसरा खंड काढतो आणि रात्रीचं जेवण व्हायच्या आत त्याची खबर घेतो. तेव्हा ‘फार उदास संपतो’ असं कुणी म्हणालं, की मी आधी विचारते, पुढचा भाग घरात होता का?

आणि खरं सांगायचं, तर हे दुसऱ्या भागाचं दुखणं आपल्याला नवं नाही. रामायणाचं पहिलं कांड लग्नानं संपतं, दुसऱ्यात वनवास आणि दशरथाचा मृत्यू. महाभारताचं तर विचारूच नका. दुसरं पर्व, सभापर्व, सुरू होतं मयसभेपासून. पाण्यासारखी दिसणारी जमीन, जमिनीसारखं दिसणारं पाणी. कुठल्याही फॅन्टसी लेखकाला हेवा वाटावा असं बांधकाम. आणि त्याच पर्वात पुढे द्यूत, द्रौपदीची विटंबना, शेवटी वनवास. व्यासांना कुणी ‘पहिल्या पर्वातली मजा गेली’ म्हणून कळवलं नाही, कारण तिथे काळोख बाहेरून आणून ओतलेला नाही. मयसभेत जळलेला दुर्योधनच फाशांच्या पटाशी येऊन बसतो.

आता तक्रारीतला रास्त भाग. काही दुसरे भाग खरोखरच उगाच काळे केलेले असतात. पहिल्या भागाचे वाचक मोठे झाले, चला, आता रक्त सांडू या, असा हिशेब. एखादं लाडकं पात्र प्रकरणाच्या शेवटी मारायचं आणि पुढच्या प्रकरणात सगळे घोड्यावर बसून ताजेतवाने निघाले. मी एक साधी गोष्ट बघते. मेलेल्या माणसाच्या पुढच्या प्रकरणात कुणाची झोप उडालीय का? उडाली नसेल, तर तो काळोख म्हणजे मुखपृष्ठाचा रंग.

अटुआनमध्ये तीन कैदी आहेत. बळी द्यायला आणलेले, जिभा छाटलेले. त्यांना कसं मारायचं हे त्या पोरसवदा मुलीनं ठरवायचं. ती ठरवते: अन्न नाही, पाणी नाही. हुकूम देते आणि तिथून निघाल्यावर कोसळते. मग तापानं फणफणते, स्वप्नात त्यांना पाणी नेऊ पाहते. अनेक वाचकांना हे सहन होत नाही. आमच्या वाचनगटात एका बाईंनी पुस्तक तिथेच मिटलं होतं. नायिकेनं असं करायचं? मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कारण मीही ते पुस्तक एकदा मिटलं होतं.

चौदाव्या वर्षी. गेड येईना, भुयारं संपेनात. त्या भुयारांत उजेड न्यायला बंदी आहे. तेनार भिंतीवर हात ठेवून चालते, वळणं मोजते, फाटे पाठ करते, आणि आपणही तिच्यामागून पानंच्या पानं चाचपडत जातो. मी कंटाळले. खूप वर्षांनी तीच प्रत उघडली, तर वहीचा एक फाडलेला कागद खुणेला तसाच होता. तिथून पुढे वाचू लागले. काही पानांवरच तेनार नेहमीच्या वाटेनं खाली उतरते आणि तिला उजेड दिसतो. कुणीतरी पेटती काठी घेऊन उभं आहे. जी गुहा तिला तळहातांनी पाठ होती, ती तिला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसते: भिंती, छत, सगळं स्फटिकांनी लखलखतंय. ती आधी थक्क होते आणि मग संतापते. तिच्या काळोखात शिरायची याची हिंमत कशी झाली! मी थोडक्यात चुकले होते, एवढंच. आणि तो काळोख आधी इतका लांबवला नसता, तर त्या उजेडाला काही किंमत आली नसती.

गेड तिथे काय शोधायला आलाय, हेही पुढे कळतं. पहिल्या भागात एका ओसाड बेटावरची म्हातारी त्याला मोडक्या कड्याचा अर्धा तुकडा देते. त्याला त्याचं मोल कळत नाही, आपण तर ते विसरूनही जातो. उरलेला अर्धा इथे, थडग्यांखालच्या खजिन्यात असतो.

राहता राहिला मुलांचा प्रश्न. एका मैत्रिणीनं विचारलं, पहिला भाग माझ्या मुलीनं दोनदा वाचलाय, हा देऊ का? अकरा वर्षांची मुलगी. मी म्हटलं, दे, पण पहिले काही दिवस आसपास राहा. त्यांनी रात्री झोपायच्या आधी नको, दुपारी वाचायचं, असं ठरवलं. पंधरा दिवसांनी मुलगी पुस्तक परत द्यायला स्वतः आली. ‘पण’ नाही, घुटमळणं नाही. दारातच उभी राहून म्हणाली, “मावशी, या पुस्तकात सगळ्यांच्या खऱ्या नावांना एवढं महत्त्व आहे. मग त्या तीन कैद्यांची नावं काय होती?”

ती गेल्यावर मी ते प्रकरण पुन्हा काढून बसले. नावं दिलेली नाहीत.

नमस्कार.