नारिंगी चौकोनातून दिसणारा समुद्र

(दृश्य: पिंपळगाव बसवंत, द्राक्षांचं पॅकहाऊस)

कात्रीची टोकं घडात शिरतात, डागी मणी तेवढा निघतो, शेजारच्याला धक्का नाही. मग पनेट, म्हणजे प्लॅस्टिकचा छोटा डबा, वजन, खोक्यात बुरशी रोखणारा ग्रेप गार्डचा कागद, आणि शून्य अंशाच्या आसपासची थंडी. खोकं निघालंय रॉटरडॅमला. तिथे उघडेल तेव्हा देठ हिरवा हवा, एवढीच अट. मधला सगळा समुद्र मात्र पॅकहाऊसच्या हातात नाही.

(दृश्य: माडीवरची खोली, संगणकाचा पडदा)

तो समुद्र इथून दिसतो. निर्यातीचं काम बघणाऱ्या ताई चहा गार होईपर्यंत ही यादी वाचतात. जी-कॅप्टन, लोडस्टार या जहाज-मालवाहतुकीच्या बातम्यांच्या साइट्स, बिझनेसलाइनचं लॉजिस्टिक्सचं पान. सगळ्यांची शीर्षकं एका खाली एक, नवं ते वर. मध्ये जाहिरात नाही, ‘तुम्हाला हेही आवडेल’ नाही.

याला म्हणतात आरएसएस फीड. नाव ऐकून पॅकहाऊसमधले आधी चमकले होते. इथे शाखा भरत नाही, एवढं सांगावं लागलं.

(दृश्य: फीडची एक्सएमएल फाइल, हळूहळू वर सरकणारी)

हे त्याचं पोट. संकेतस्थळ नव्या बातम्यांची अशी एक साधी फाइल ठेवतं: शीर्षक, दुवा, तारीख-वेळ, बहुधा दोन ओळींचा सारांश. आपल्याकडचा फीड रीडर, म्हणजे ही यादी दाखवणारं अ‍ॅप, ठरावीक वेळाने तिथे जाऊन विचारतो, मागच्या खेपेनंतर काही नवं? नसेल तर सर्व्हर फक्त ‘३०४’ म्हणतो, म्हणजे बदल नाही. असेल तर फाइल देतो. पोस्टमन रोज दारावरून जावा, तसं. साइट वर्डप्रेसवर असेल तर पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन ‘फीड’ असं इंग्रजीत टाकलं की बहुतेक वेळा ही फाइल उघडते. आरएसएसची खूण असलेला नारिंगी चौकोन दिसला नाही म्हणून फीड नाही, असं समजू नका.

१९९९ मध्ये नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीने हे सुरू केलं. २००० साली आलेल्या १.० आवृत्तीच्या कर्त्यांमध्ये चौदा वर्षांचा आरन स्वार्ट्झ होता. १ जुलै २०१३ ला गूगलने आपला रीडर बंद केला आणि अनेकांनी आरएसएसचं तेरावंही उरकून टाकलं. पण पॉडकास्ट आजही याच वाटेने कानापर्यंत येतात. हे कुण्या एका कंपनीच्या मालकीचं नाही, म्हणून एका कंपनीने मारून मरतही नाही.

(दृश्य: यादीत ‘रेड सी’ शब्द शोधताना)

ताईंनी शब्द लावून ठेवलेत: रेड सी, सुएझ, रीफर (म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर), न्हावा शेवा. त्यातला शब्द आला की बातमी वेगळ्या कप्प्यात पडते. ही जुनी नोंद बघा. १९ नोव्हेंबर २०२३, तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज येमेनच्या हूती बंडखोरांनी ताब्यात घेतलं. तिच्या वर १५ डिसेंबर: मर्स्क आणि हापाग-लॉईड या जहाज कंपन्यांनी त्या वाटेची वाहतूक थांबवली. द्राक्षाचा हंगाम तेव्हा तोंडावर होता. व्हॉट्सअ‍ॅपवरही हेच फिरत होतं म्हणा, पण कालचं की गेल्या आठवड्याचं, ते पाठवणाऱ्यालाच ठाऊक नसे. इथे प्रत्येक ओळीला वेळ चिकटलेली.

पुढे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, दहा ते चौदा दिवस वाढले, भाडं चढलं, आणि त्याची झळ बागेपर्यंत आली.

(दृश्य: करळ फाटा, संध्याकाळ, ट्रेलरची रांग)

न्हावा शेवाच्या वाटेवर रांग लागलीय. रीफरच्या पाटीवर आकडा: उणे ०.५. ड्रायव्हर उतरून टायर ठोकून बघतोय.

(दृश्य: पुन्हा माडीवरची खोली, दिवा लागलेला)

यादीत आत्ताच एक शीर्षक येऊन बसलंय. वेळ ६.४२. ताईंनी चष्मा लावला.