कर्ता नसलेली वाक्यं

(ठाण्यात वाचकांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

ठाण्यात 'सोसायटी' म्हटलं की समाज आठवत नाही, मेंटेनन्सचं बिल आठवतं. पण आजच्या विषयाला ती सोसायटीसुद्धा चालेल. जिन्याखालच्या फळ्यावर काय लिहिलेलं असतं? 'गॅलरीत ओले कपडे वाळत घालू नयेत.' 'लिफ्टचा दरवाजा नीट बंद करावा.' कोण कोणाला सांगतंय? वाक्यात कर्ताच नाही. घरातही तेच. पोर जेवता जेवता मध्येच उठलं की आजी म्हणते, 'ताटावरून असं उठत नाहीत.' कोण उठत नाहीत? पोराने हा प्रश्न विचारलाच, तर उत्तर मिळतं, 'मोठ्यांना उलट बोलत नाहीत.'

मराठीत समाज असा बोलतो. कर्ता गायब आणि क्रियापद मात्र ठाम. 'या कादंबरीतील समाजचित्रण स्पष्ट करा' असा प्रश्न परीक्षेत आला की आपण हुंडा, जात, गरिबी, चाळ अशी यादी करतो. यादी चुकीची नसते, पण ती कादंबरी न वाचताही करता येते. व्यक्ती आणि समाज यांच्यातली ओढाताण पकडायची असेल तर वाक्य कोणाच्या नावावर आहे ते बघावं लागतं.

ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' या साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली. मुलीच्या लग्नसंबंधासाठी संमतीचं वय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ चा, म्हणजे बाहेर वाद पेटलेला असताना लोक हे वाचत होते. आपलं इथलं मराठी ग्रंथ संग्रहालयही त्याच दशकातलं, १८९३ चं. कादंबरीत यमू स्वतःची गोष्ट 'मी' म्हणून सांगते. लेखक पुरुष, आवाज बाईचा. त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्या काळच्या बायकांचं बोलणं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तेव्हा 'इकडून येणं झालं', 'इकडे आवडायचं नाही'. घरातला सगळ्यात जवळचा माणूस वाक्यात दिशा होऊन बसतो. अशा भाषेत वाढलेल्या मुलीने शेकडो पानं 'मी' म्हणत राहणं, हेच मोठं धाडस आहे. विधवा झाल्यावर तिचं केशवपन जबरदस्तीने होतं. त्याच्या आसपासची पानं वाचताना कोणतं वाक्य माणसाच्या नावावर आहे आणि कोणतं रीतीच्या, ते वेगळं काढा. शीर्षकातही 'कोण' आहेच.

आता प्रत्यक्ष कसं वाचायचं ते सांगतो. कादंबरीची सुरुवातीची, मधली आणि शेवटची दहा-दहा पानं घ्या. पेन्सिलीने चार गोष्टींवर खुणा करा: मी, आम्ही, आपण आणि लोक. 'जग', 'चार माणसं', 'समाज' हे सगळे 'लोक'च्या खात्यात. समासात, कर्ता नसलेल्या वाक्यांपुढे एक रेघ. मग तीन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवा. 'मी' वाढत गेला, 'आम्ही' आटला, की 'आम्ही'मधली माणसंच बदलली, ते दिसू लागतं.

गडबड होते ती 'आपण'पाशी. 'आम्ही' म्हणजे ऐकणारा वगळून आणि 'आपण' म्हणजे त्याला धरून, हा भेद मराठीत आहे. हिंदीतल्या 'हम'मध्ये तो नाही, इंग्रजीतही नाही, म्हणून भाषांतरात पहिल्यांदा हाच मरतो. पण 'आपण बसावं' यात तो आदरार्थी 'तुम्ही' असतो, 'आपण भलं, आपलं काम भलं' यात 'स्वतः', आणि प्लॅटफॉर्मवरचा पोरगा 'आपल्याला काय फरक नाय पडत' म्हणतो तेव्हा तो निव्वळ 'मी' असतो. एकट्याने गर्दीचा आव आणलेला. आकडे डोळे मिटून मोजले तर हे चारही एकत्र होतात आणि निष्कर्ष उलटा निघतो. 'आम्ही नाही जा!' म्हणणारी मुलगीही एकटीच असते. म्हणून प्रत्येक खुणेपाशी विचारायचं: यात ऐकणारा आहे का? वाचक आहे का?

हा प्रश्न घेऊन दलित लेखिका बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' उघडा. शीर्षकातच 'आमुचं'. आत्मचरित्र म्हणून हातात घेतलेल्या या पुस्तकात सांगणारीच्या एकटीच्या आयुष्यापेक्षा वस्तीचं जगणं जास्त जागा घेतं. वाचक त्या 'आम्ही'त असेलच असं नाही, आणि ते त्याला जाणवत राहतं. खाडीपलीकडे 'आम्ही'ला तर बाहेरून दुसरंच नाव मिळालं. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको हे सरकारी महामंडळ आलं, ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या, आणि 'आम्ही गाववाले' म्हणणाऱ्याच्या अर्जावर शब्द आला 'प्रकल्पग्रस्त'. स्वतःसाठी असा शब्द कोणी आपणहून निवडत नाही. त्या गावांवरची कथा वाचताना हा शब्द कोणत्या पानावर येतो आणि कोणाच्या तोंडी येतो, तेवढं टिपा.

१९७८ चं दया पवारांचं आत्मकथन 'बलुतं' तर 'मी'चेच दोन भाग करतं. सांगणारा दगडू मारुती पवार, ऐकणारा दया पवार. माणूस एकच. एक नाव वस्तीतलं, दुसरं शिकून-सवरून पांढरपेशा जगात वावरणाऱ्याचं. इथे समाज बाहेर उभा नाही, तो दोन नावांच्या मधल्या फटीत आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या १९६३ च्या 'कोसला' कादंबरीत पांडुरंग सांगवीकर अगदी सुरुवातीलाच आपलं वय सांगताना 'उदाहरणार्थ' म्हणतो. स्वतःचं वय कोणी उदाहरणादाखल सांगतं का? समाजाला माणसाचा नमुना हवा असतो. हा नमुना होतो आणि त्याच शब्दाने खिल्लीही उडवतो. 'कोसला'बद्दल याहून जास्त इतकं बोललं गेलंय की पुढे जाऊ.

नाटकात 'मी' सांगणारा निवेदक नसतो, मग खुणा कशावर करायच्या? संबोधनांवर. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये 'रंगायन' या नाट्यसंस्थेने केलं. मुंबईची हौशी मंडळी एका गावात प्रयोगाला आलेली. प्रयोगात खटला अमेरिकेच्या अध्यक्षांवर, अण्वस्त्रांवरून. वेळ आहे म्हणून गावातल्या सामंताला कोर्ट कसं चालतं ते दाखवायला एक लुटुपुटीचा खटला रचतात. आरोप भ्रूणहत्येचा, आरोपी त्यांच्यातल्याच बेणारेबाई. आता संबोधनं बघा. 'बाई' मागे पडत जाते आणि 'आरोपी' वर येतो. बेणारेच्या पोटातल्या मुलाचा बाप म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते प्रोफेसर दामले रंगमंचावर येतच नाहीत. सामंताची साक्ष तर त्याच्या हातातल्या कादंबरीतून वाचलेली, तरी तीच लागू पडते. न्यायाधीश काशीकर खुर्ची सोडून स्वतःच साक्षीदार होतात. नेमकी इथे कर्ता नसलेली वाक्यं पुन्हा उगवतात: मातृत्व पवित्र असतं, अमुक खपवून घेतलं जाणार नाही. बोलणारे कोण? नापास झालेला शास्त्रज्ञ, न चालणारा वकील. एकेकटा प्रत्येकजण हरलेला आहे. 'समाज' म्हणून बोलायला लागला की त्याचा आवाज चढतो.

निकाल आरोपाच्या बरोबर उलटा. भ्रूणहत्येच्या आरोपीला सांगितलं जातं की पोटातला गर्भ नष्ट करावा. तिचं लांबलचक स्वगत चालू असताना बाकीचे गोठलेले असतात. ती खरंच बोलली का, हे नाटक सांगत नाही. म्हणजे नाटकातला सगळ्यात मोठा 'मी' कोणाच्या कानावर पडला की नाही, तेच कळत नाही.

आणि दाराकडे लक्ष ठेवा. सुरुवातीलाच त्या दाराच्या कडीने बेणारेचं बोट चेमटतं. खटल्यात ती बाहेर जायला निघते तेव्हा दार बाहेरून बंद असतं. शेवटी ते उघडतं, तेही बाहेरूनच. गावकरी डोकावून विचारतात, प्रयोग सुरू झाला का?