छातीवरचा पट्टा

(दृश्य: सकाळ. कोपनहेगन. सायकलवाटेवरची गर्दी.)

इथं सकाळी रस्ता सायकलींचा असतो. ऑफिसला निघालेले, मुलांना पुढच्या पेटीत बसवून शाळेत सोडणारे, आणि सत्तरी ओलांडलेलेही. वय झालं म्हणून पेडल सोडायचं, ही कल्पनाच इथं फारशी रुजलेली नाही. डिमेन्शियावरचं, म्हणजे स्मृतिभ्रंशावरचं, डेन्मार्कमधलं एक मोठं संशोधन याच शहरातल्या रिग्सहॉस्पिटलमधून चाललं, आणि त्यात तपासलं गेलं ते औषध नव्हे, व्यायाम.

(दृश्य: व्यायामाची खोली. पट्टा, अगदी जवळून.)

हा पट्टा छातीवर बांधायचा. आतली बाजू पाण्यानं ओली करायची, म्हणजे ठोके नीट पकडले जातात. गार लागतो. काका दचकले, पाहिलंत? हे काका रुग्ण नाहीत. प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्येच प्रसिद्ध झाले, त्यामुळे व्यायामाचं सत्र आम्ही नव्यानं घडवून चित्रित केलंय.

प्रयोगात होते अल्झायमरची, म्हणजे डिमेन्शियाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराची, सौम्य अवस्था असलेले २०० जण. निम्म्याहून थोडे जास्त व्यायामाच्या गटात, बाकीचे नेहमीच्या उपचारांवर. आठवड्यातून ३ दिवस, रोज १ तास, असे १६ आठवडे. पहिले ४ आठवडे सवय लावण्याचे आणि पायांत बळ आणण्याचे. खुर्चीतून हात न टेकता उठता येणं ही या वयात लहान गोष्ट नव्हे. मग सायकल, ट्रेडमिल आणि हातपाय एकत्र चालवायला लावणारं यंत्र, क्रॉस-ट्रेनर.

आणि हे रमतगमत फिरणं नव्हतं. ढोबळ हिशेब असा: २२० मधून वय वजा करा. पंचाहत्तरीच्या माणसाच्या हृदयाचे कमाल ठोके आले मिनिटाला १४५. त्याच्या ७० ते ८० टक्के, म्हणजे साधारण १०१ ते ११६. काटा खाली आला की शेजारी उभी असलेली फिजिओथेरपिस्ट म्हणणार, अजून थोडं. आपल्याकडे अशा माणसाला ‘बाबा, तुम्ही बसा’ म्हणतात. प्रेमानंच म्हणतात, पण बसवूनच ठेवतात.

(दृश्य: टेबल. कागद, पेन्सिल, स्टॉपवॉच.)

ही चाचणी. वरच्या ओळीत नऊ चिन्हं, प्रत्येकाखाली १ ते ९ मधला एक आकडा. खाली नुसती चिन्हं, आकडे तुम्ही भरायचे. वेळ ठरलेली. पेन्सिल वर जाते, चिन्ह शोधते, खाली येते. मध्येच थांबते. लक्ष किती टिकतं, डोकं किती झपाट्यानं चालतं, ते यातून कळतं.

निकाल: सगळे रुग्ण धरले तर या चाचणीत दोन गटांत ठळक फरक दिसला नाही, वागण्यातले आणि मनःस्थितीचे त्रास मात्र व्यायाम करणाऱ्यांत कमी राहिले. ब्रिटनमध्ये ४९४ रुग्णांवर असाच प्रयोग झाला. त्याचे २०१८ मधले निष्कर्ष सांगतात की अंगातली ताकद वाढली, पण बुद्धीची घसरण मंदावली नाही, उलट किंचित जास्तच झाली. तिथं आमचा कॅमेरा गेलेला नाही.

(दृश्य: रक्ताची नळी, हातमोज्यातली बोटं.)

डेन्मार्कच्या गटानं रक्तही तपासलं. एकोणिसाव्या गुणसूत्रावर एपीओई नावाचं जनुक असतं. चरबी वाहून नेणारं प्रथिन बनवणं हे त्याचं काम. एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. त्याचे मुख्य प्रकार तीन: २, ३ आणि ४. चौथा वाट्याला आला की अल्झायमरचा धोका वाढतो, दोन्हीकडून आला तर कैक पटींनी. तरी तो असलेल्या प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, आणि नसलेले सुटतातच असंही नाही.

साहजिकच वाटेल, हा प्रकार घेऊन आलेल्यांवर व्यायामाचा काय परिणाम होणार? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात नेमकं उलट दिसलं. चौथा प्रकार असलेल्यांनाच व्यायामाचा फायदा जास्त झाला. त्यांची बौद्धिक क्षमता टिकून राहिली, शारीरिक मोजमापंही सुधारली. गट लहान होता, आणि हे प्रयोगानंतर केलेलं विश्लेषण, हे खरं. तरी ‘आमच्या घराण्यातच आहे’ म्हणून हात टेकलेल्यांनी हे ऐकायला हवं.

(दृश्य: पुन्हा सायकल. घड्याळावर १०८.)

काकांना विचारलं, दमलात का? त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते कॅमेऱ्यात कळत नाही.

(यापुढे ४० सेकंद निवेदन नाही. फक्त पेडलचा आवाज.)