‘माझं चुकलं’ म्हणता येईल अशी खोली

(नाशिकमध्ये प्रॉडक्ट मॅनेजरांचा स्थानिक गट सुरू करण्यासाठी जमलेल्या मंडळींपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

शनिवारची सकाळ बाजूला ठेवून तुम्ही आलात. कुणी सातपूरहून, कुणी अंबडहून, दोघं तर थेट सिन्नरहून. खरंच बरं वाटलं. पुण्यात आमचा गट सुरू झाला तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही सातजण होतो. आज इथे त्याच्या दुपटीहून जास्त माणसं दिसताहेत.

‘मीटअप कसा चालवायचा ते सांगा,’ असं मला फोनवर सांगितलं होतं. ते सांगेनच. पण आधी एका संध्याकाळबद्दल बोलते, कारण हे काम मी का करते हे मला त्या दिवशी नीट कळलं.

जुलै महिना होता. बाणेरला एका ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर आम्ही बसलो होतो, बाहेर धो धो पाऊस. वीसेक माणसं आली असतील. बोलायची पाळी एका तरुण मुलीची होती. बिस्किटं, साबण, तेल विकणाऱ्या डिस्ट्रिब्युटरांसाठी ऑर्डर घ्यायचं ॲप असतं ना, त्याची ती प्रॉडक्ट मॅनेजर, म्हणजे त्यात काय ठेवायचं आणि काय नाही हे ठरवणारी. सेल्समन सकाळी बीटवर निघतो, दुकान-दुकान फिरतो आणि ॲपवर ऑर्डर टाकतो. त्या ॲपमध्ये ‘मागचीच ऑर्डर’ असं एक बटण होतं. वापराचे आकडे दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर बघावं तर ते जवळजवळ कुणी वापरतच नव्हतं. नवं डिझाइन करताना तिने ते काढून टाकलं. रिलीजनंतरच्या पहिल्याच सोमवारी सपोर्टचे फोन थांबेनात, आणि आठवडा संपायच्या आत बटण परत आणावं लागलं.

तिने हे सगळं इंग्रजीतून सांगितलं, स्लाइड्स छान होत्या. शेवटच्या स्लाइडवर ‘लर्निंग्ज’ होती: स्टेकहोल्डरांशी संवाद वाढवावा, रिलीज टप्प्याटप्प्याने करावा. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागे बसलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, ‘‘पण बटण काढायच्या आधी तू कधी बीटवर गेली होतीस का गं?’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग लॅपटॉप मिटला आणि मराठीत म्हणाली, ‘‘नाही गेले. माझं चुकलं.’’

पुढची पंचवीस मिनिटं तिने जे सांगितलं ते कुठल्याच स्लाइडवर नव्हतं. बटण परत आणल्यावर ती एका सेल्समनबरोबर हडपसरच्या बीटवर गेली होती. दुकानात गिऱ्हाईक उभं असतं. दुकानदार एका हाताने सुट्टे पैसे देतो आणि तोंडाने सेल्समनला माल सांगतो. सेल्समनला मिळतो जेमतेम अर्धा मिनिट. तो ‘मागचीच ऑर्डर’ दाबतो, साबणाचे दोन डझन कमी करतो, तेलाचा एक डबा वाढवतो आणि ऑर्डर पाठवतो. दिवसभर, प्रत्येक दुकानात, हेच. मग डॅशबोर्डला हे का दिसलं नाही? कारण त्या बटणाची नोंद अशी लावलेली होती की ऑर्डर एकही बदल न करता गेली तरच ती मोजली जायची. साबण दोन डझन कमी केला की सिस्टिमच्या लेखी ती ‘हाताने टाकलेली ऑर्डर’. बटण लोक दिवसभर वापरत होते, नोंद मात्र चुकीच्या जागी बसली होती.

खोलीत अगदी चिडीचूप झालं. दोघा-तिघांनी वह्या काढल्या. पुढच्या महिन्यात एका पेमेंट कंपनीतला मुलगा आला आणि म्हणाला, ‘‘ताई, सोमवारी जाऊन आमच्या सगळ्या नोंदींच्या व्याख्या तपासल्या. दोन ठिकाणी अगदी हेच होतं.’’ तिने पंचवीस मिनिटं मन मोकळं केलं, म्हणून दुसऱ्या एका कंपनीचं चुकीचं पाऊल वाचलं. अशा संध्याकाळींसाठी मी खुर्च्या लावते.

आपल्या कामाची अडचण तुम्हाला माहीतच आहे. डेव्हलपरचा कोड दुसरा डेव्हलपर वाचतो, चूक दाखवतो. डिझायनर आपलं काम चारजणांपुढे टेबलावर मांडू शकतो. आपण काय मांडणार? आपलं काम म्हणजे निर्णय. हे करायचं, ते नाही करायचं, हे पुढच्या तिमाहीत. लहान कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजर एकटाच असतो, फार तर दोघं. वर फाउंडर, बाजूला इंजिनिअरिंग, पलीकडे सेल्स, आणि तिघांशीही जपून बोलावं लागतं. आपला निर्णय फसला हे आतल्या आत कळतं, पण त्यावर मोकळेपणाने बोलायला आपल्याच कामाचं दुसरं माणूस त्या इमारतीत नसतं. नाशिकसारख्या शहरात तर हे जास्तच जाणवतं, कारण इथे कंपन्या लहान आहेत आणि पुढे गेलेली माणसं बहुतेक पुण्या-मुंबईला किंवा बंगळुरूला निघून जातात.

या कामाचा उगम लोक ज्या घटनेपाशी नेतात, ती मला नेहमी आठवते. नील मॅकेलरॉय नावाचा तरुण प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये ‘कॅमे’ साबणाचं काम बघत होता. कंपनीच्याच ‘आयव्हरी’ साबणापुढे कॅमेकडे कुणाचं लक्ष नाही, ही त्याची तक्रार. १३ मे १९३१ रोजी त्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिलं: प्रत्येक ब्रँडला त्याची पूर्ण जबाबदारी घेणारा स्वतंत्र माणूस हवा. आज आपण सगळे जे करतो त्याची मुळं त्या टिपणात शोधली जातात. तो पुढे कंपनीचा अध्यक्ष झाला आणि नंतर अमेरिकेचा संरक्षणमंत्रीही. पण मला त्यातला वेगळाच भाग मोलाचा वाटतो. जिथे माल कमी खपतो त्या भागात त्या माणसाने स्वतः जावं, दुकानदारांना आणि गिऱ्हाइकांना भेटावं, असं त्याने स्पष्ट लिहिलं आहे. त्या मुलीला मागून विचारलेला प्रश्न जवळजवळ शंभर वर्षं जुना आहे. आपल्याला तो पुन्हा पुन्हा कुणीतरी विचारावा लागतो, आणि आपल्या ऑफिसात विचारणारं कुणी नसतं.

असे मेळावे आपण काही पहिल्यांदा करत नाही. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला ‘बारकॅम्प’ झाला. वक्त्यांची यादी आधी ठरवायची नाही, आलेल्यांनीच सकाळी फळ्यावर विषय लिहायचे आणि सत्रं घ्यायची. त्याच धर्तीवर २००८ मध्ये सिलिकॉन व्हॅलीत ‘प्रॉडक्टकॅम्प’ सुरू झाला. २०१० मध्ये लंडनला मार्टिन एरिकसन यांनी ‘प्रॉडक्टटँक’ सुरू केला, आणि तो आज जगभर शंभराहून जास्त शहरांत भरतो. बारकॅम्प पुण्यातही झाले. तिथला मोकळा फळा आजही आठवतो.

त्याहून जुनं आपल्या घरचं सांगते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली. वसंत आला की व्याख्यानं, हे पुणेकरांना माहीत असायचं, कुणी आठवण करून द्यायची गरज नव्हती. मी तिच्याकडून एवढंच घेतलं की दिवस पक्का ठेवायचा. आमचा दुसरा शनिवार. पाऊस असो, क्रिकेटची मॅच असो, चारच माणसं येणार असोत, दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार. ‘या महिन्यात सगळे रिलीजमध्ये अडकलेत, पुढच्या महिन्यात बघू’ असं आम्ही एकदा म्हणालो आणि गट पुन्हा जमायला पाच महिने लागले.

पण व्याख्यानमालेसारखं एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असं करू नका. आपला गट भिशीसारखा हवा. भिशीत प्रत्येकजण महिन्याला पैसे घालतो आणि प्रत्येकाची पाळी येते. पाळी आली म्हणून पैसे उचलून नाहीसा झाला, तर त्याला पुन्हा कुणी भिशीत घेत नाही. आमच्याकडे तसंच आहे. इतरांच्या फसलेल्या गोष्टी ऐकल्या की वर्षभरात एकदा आपली सांगायची. चिठ्ठ्या टाकतो आणि नाव निघतं. दोनदा नाव निघूनही जो टाळतो, त्याला मी बाजूला घेऊन चहा पाजते आणि विचारते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: कंपनीला कळलं तर?

ही भीती खरी आहे, तिला उडवून लावू नका. म्हणून काही गोष्टी आधीच ठरवून टाका. लंडनच्या चॅटम हाउस या आंतरराष्ट्रीय घडामोडींच्या अभ्याससंस्थेने १९२७ मध्ये एक नियम केला आणि तो आजही जगभर वापरला जातो: बैठकीत ऐकलेलं वापरायला हरकत नाही, पण कोण बोललं आणि ते कुठल्या संस्थेचं, हे बाहेर सांगायचं नाही. आम्ही तो पहिल्या दिवसापासून लावला. दारात नावाची चिठ्ठी देतो, त्यावर फक्त पहिलं नाव, कंपनीचं नाव नाही. आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही म्हणून मी सांगते. तुमची कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर जाहीर न झालेले आकडे किंवा करार अशा खोलीत काढूच नका. नोकरीवर गदा येईल एवढंच नाही, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे २०१५ चे इन्सायडर ट्रेडिंगचे, म्हणजे कंपनीतली आतली माहिती फोडण्या-वापरण्याबद्दलचे, नियम त्याला लागू होऊ शकतात. निर्णय कसा घेतला, काय बघायचं राहून गेलं, एवढं सांगितलं तरी शिकायला पुरतं. आकड्यांची गरज पडत नाही.

रेकॉर्डिंग करू नका. २०२० मध्ये आम्ही घरी बसून झूमवर भेटायला लागलो, आणि न आलेल्यांसाठी म्हणून रेकॉर्डिंग चालू केलं. कोपऱ्यात तो लाल ठिपका दिसला की माणसं बदलायची. जे बाणेरच्या खोलीत ‘फसलं’ म्हणायचे तेच ‘आम्ही यातून पुढे गेलो’ म्हणायला लागले. तीन महिन्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं, तेव्हा कुठे गोष्टी पुन्हा यायला लागल्या.

स्पॉन्सरबद्दलही बोलायला हवं, कारण आज सकाळी कुणीतरी तो प्रश्न विचारला. आमच्याकडे एक मोठी कंपनी आली होती. मोठा हॉल, पिझ्झा, प्रत्येकाला पिशवी. आम्हाला आनंद झाला, मीही हरखून गेले होते. शंभराच्या वर माणसं आली. पहिला तास त्यांच्या अधिकाऱ्याचं भाषण, मग त्यांच्याकडच्या नोकऱ्यांची माहिती. पाळी होती त्या मुलाने स्टेजवर उभं राहून आपल्या यशाची गोष्ट सांगितली. ज्या कंपनीत त्याला पुढे नोकरी हवी होती, तिच्या भरतीच्या माणसांपुढे तो दुसरं काय सांगणार? दोष त्याचा नव्हता, हॉल मी निवडला होता. पुढच्या दोन शनिवारी आमची नेहमीची माणसं आली नाहीत. तेव्हापासून चहा-वड्याचा खर्च आम्ही आपापसांत वाटून घेतो.

आणि भाषा. नाशिकला तुम्ही हे मराठीत करा, असं मी आग्रहाने सांगते. बॅकलॉग, स्प्रिंट, रोलबॅक हे शब्द आपलेच झालेत, ते तसेच राहू द्या, मी भाषांतर करायला सांगत नाही. पण त्या मुलीकडे पुन्हा बघा. इंग्रजीत तिच्याकडे ‘लर्निंग’ हा शब्द तयार होता, सगळ्यांच्या स्लाइडवर असतो तोच. त्यात चूक कुणाची हे सांगावंच लागत नाही. मराठीत आल्यावर वाक्याला कर्ता लागला. ‘माझं’ चुकलं. इंग्रजीत प्रामाणिक बोलता येत नाही असं मी म्हणत नाही. पण आपण इंग्रजी ऑफिसात शिकलो, बॉसपुढे कसं बोलायचं ते तिच्यात शिकलो. आईपुढे, मित्रापुढे चूक कबूल करायला आपण मराठीत शिकलो. मराठी न येणारा कुणी आला तर त्याच्यासाठी हिंदीत बोला, त्याला परकं वाटू देऊ नका. पण सगळ्यांना मराठी येत असताना केवळ ‘प्रोफेशनल’ दिसावं म्हणून इंग्रजीत शिरू नका.

आता बारीकसारीक. खुर्च्या गोल मांडा, रांगेत नको. तीसच्या वर माणसं झाली तर दोन गोल करा. बोलणाऱ्याला वीस मिनिटं, प्रश्नांना चाळीस. पहिला प्रश्न नव्या माणसाने विचारायचा, कारण जुन्यांनी सुरुवात केली की नवे बोलतच नाहीत. आणि दारात एक माणूस असावा, जो नव्याने आलेल्याला कुणाशेजारी तरी बसवेल. आमच्याकडे हे काम एक निवृत्त टेस्टर करायचे. त्यांच्यामुळे किती माणसं दुसऱ्यांदा आली असतील, मला सांगता येणार नाही.

किल्लीचं तेवढं राहिलं. आमच्या दुसऱ्या वर्षी एका शनिवारी ऑफिसची किल्ली ज्याच्याकडे होती तो गावी गेला होता. अकराजण जिन्यात उभे. पाऊण तास वाट बघून सगळे घरी गेले. त्यातले दोघं पहिल्यांदाच आले होते, ते पुन्हा कधीच दिसले नाहीत. त्यातला एक जण निघताना म्हणाला होता की मी एक गोष्ट सांगायला आलो होतो. ती गोष्ट काय होती, हा विचार अजून मनात येतो.

तुमचा पहिला दुसरा शनिवार तीन आठवड्यांवर आहे. पहिली पाळी माझी घ्या, मी पुण्याहून येते. दहा वर्षांपूर्वी एका क्लिनिकच्या ॲपमध्ये मी जो वेळापत्रकाचा गोंधळ घालून ठेवला होता, तो पूर्ण सांगेन, अजून कुणाला सांगितलेला नाही. आणि गंगापूर रोडच्या त्या ऑफिसच्या दोन किल्ल्या कुणाकुणाकडे राहणार, ते आत्ता इथेच ठरवू. हात वर करा बघू.