मुख्ताराचा वाडा

पत्रिकेत विषय छापलाय ‘कमाल जुम्ब्लाट आणि लेबनॉनमधील सुधारणा’. सुधारणांकडे येतोच, पण आधी कमाल या तिथल्या पुढाऱ्याच्या आईबद्दल बोलू द्या. आपल्या पेपरांना लेबनॉन आठवतो तो बॉम्ब पडला की. त्यात कुणाची आई कशाला येईल!

शूफच्या डोंगरात मुख्तारा गावी द्रूझ पंथातल्या (इस्लाममधून फुटून निघालेला एक छोटा पंथ) जुम्ब्लाट घराण्याचा दगडी वाडा आहे. 6 ऑगस्ट 1921 रोजी कर्ते पुरुष, कमालचे वडील फुआद यांचा खून झाला, तेव्हा कमाल चार वर्षांचाही नव्हता. कारभार हाती घेतला त्याच्या आईनं, नझीराबाईंनी. लोक त्यांना ‘सित्त नझीरा’ म्हणत. सित्त म्हणजे आपल्याकडचं बाईसाहेब. आता मी अहिल्याबाईंचं नाव घेणार, असं नेहमीच्या मंडळींनी ओळखलंच असेल. नाही घेत. कारण लेबनॉनवर तेव्हा फ्रेंचांचा अंमल, आणि या बाई फ्रेंच साहेबाशी जमवून घेऊन राहिल्या. ते पुढं पुष्कळांना खुपलं, पण घराणं टिकलं. बाईला मताचाही अधिकार नव्हता त्या काळात वीस वर्षांहून अधिक हा कारभार चालला! दारात माणसं बसलेली: कुणाला पोराची नोकरी हवी, कुणाचा बांधाचा तंटा. शब्द टाकायचा, काम करून द्यायचं, मग तो माणूस जन्माचा आपला. कमालनं लहानपणी पाहिलं ते हे. शाळा म्हणाल तर खरी हीच, पॅरिसचं सोर्बोन विद्यापीठ नंतरचं.

1943 साली तो खासदार झाला, 1946 ला मंत्री. 1 मे 1949 रोजी त्यानं प्रोग्रेसिव्ह सोशलिस्ट पार्टी काढली. जहागीरदाराच्या पोरानं, कामगारदिनी! हसा, हसा, तिकडेही हसले असतील. पण वडिलार्जित जमिनीतली काही त्यानं कुळांना वाटली. आमच्या जिल्ह्यातल्या एका समाजवाद्यांनी वाटली ती फक्त पत्रकं... असो.

आणखी एक गंमत. हा गृहस्थ केरळातल्या आत्मानंद या वेदान्ती गुरूंचा शिष्य. वेदान्त शिकायला भारतात यायचा. आत्मानंद संसारी, त्रावणकोर संस्थानात पोलीस अधिकारी होते. आणि शिष्य पुढं गृहमंत्री! म्हणजे अद्वैत पोलीस खात्यातच सिद्ध झालं म्हणायचं. द्रूझांना पुनर्जन्म मान्य आहे, त्यामुळे वेदान्ताशी सोयरीक जमायला त्याला फार लांब जावं लागलं नसावं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. पाच मिनिटं? बरं, पळतो.

मुद्दा असा. लेबनॉनमध्ये राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया, ही 1943 ची वाटणी. द्रूझ माणूस कितीही मोठा होवो, या तिन्ही खुर्च्या त्याला बंद. मग खुर्चीवर कोण बसणार ते ठरवण्यात त्यानं जोर लावला. 1958 ला तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष शमून यांच्याविरुद्ध हत्यारं उचलली. 1970 ला राष्ट्राध्यक्ष निवडताना 99 खासदारांच्या सभागृहात फ्रांजिये 50 विरुद्ध 49 असे एका मतानं आले. अशा ठिकाणी छोट्या गटाच्या म्होरक्याला काय भाव येतो, हे महाराष्ट्राला मी काय सांगू! त्याच वर्षी गृहमंत्री म्हणून त्यानं कम्युनिस्टांसह बंदी असलेले पक्ष कायदेशीर केले.

आणि सुधारणा: ऑगस्ट 1975 चा कार्यक्रम. पंथवार जागा रद्द, सारा देश एकच मतदारसंघ, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, ज्याला हवा त्याला नागरी विवाह. यातल्या एकेकावर तासभर बोलता येईल, माझ्याकडे टिपणंही आहेत, राहू द्या. माझं म्हणणं एवढंच, की ही मागणी करायचं बळ त्याला मुख्ताराच्या दारात बसलेल्या माणसांनी दिलं. ती माणसं त्याच्याकडे पंथाचा धनी म्हणून येत होती. पंथाची भिंत पाडायची, तर उभं त्याच भिंतीवर राहायचं! तोवर यादवी पेटलेली होतीच. मार्च 1976 मध्ये दमास्कसला सीरियाचे राष्ट्राध्यक्ष हाफिझ असद यांच्याशी तासन्‌तास बोलणी झाली आणि फिसकटली. जूनमध्ये सीरियाचं सैन्य आत आलं.

16 मार्च 1977. बाकलीनजवळच्या रस्त्यावर त्याची गाडी अडवून गोळ्या घातल्या. ज्यांचा या खुनाशी काही संबंध नव्हता अशा शूफमधल्या ख्रिस्ती गावकऱ्यांची त्या रागात कत्तल झाली.

मुलगा वलीद तेव्हा 27 वर्षांचा. वाड्याची सूत्रं त्याच्याकडे गेली, पक्षाचीही. हो हो, बसतो.